व्यापारी करार संपतो तेव्हा
मावळच्या गुलाब-उत्पादकांसाठी एक पाठ

पुणे–लोणावळा लोहमार्गावरील मळवली स्थानकाच्या एका अंगास कार्ल्याची व दुसऱ्या अंगास भाज्याची लेणी आहेत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर दात्यांची नावे कोरलेली असून त्यांत धेनुकाकट या गावी राहणाऱ्या यवनांची, म्हणजे परदेशीयांची, नावे आढळतात. चैत्याच्या दर्शनी भागातील लेखात वैजयंतीच्या भूतपाल या श्रेष्ठीचे नाव आहे. कोकणातील बंदरांतून घाटावर चढणाऱ्या व्यापाराचा मार्ग या मुलखातून जात असे, ही गोष्ट या लेखांवरून सहज ध्यानात येते.

याच मार्गाच्या पायथ्याशी असलेल्या कल्याण बंदराविषयी इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक पुस्तकात एक उद्बोधक नोंद आहे. पूर्वीच्या राजाच्या कारकिर्दीत कल्याण ही रीतसर मान्यता असलेली पेठ होती. पुढे सत्ता बदलली, तेथील व्यापारास अडथळा झाला आणि चुकून तेथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेण्यात येऊ लागली. बंदर तेच होते, माल तोच होता, समुद्रही तोच होता. बदलली होती ती केवळ राज्यकर्त्यांची व्यापारविषयक भूमिका. परंतु तेवढ्याने घाटावरच्या मालाची वाट बदलली.

आज मावळ तालुक्यात तळेगाव, कामशेत व पवना धरणाच्या परिसरात हरितगृहांतील (पॉलिहाऊसमधील) गुलाबाची शेती वाढलेली आहे. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत येथील लांब दांड्यांचा गुलाब परदेशी जातो. या फुलाचा भाव हवा, पाणी, खत व मेहनत यांवर जितका अवलंबून असतो तितकाच तो परदेशातील जकातीवर व दोन देशांमधील करारावरही असतो. हवामानाची माहिती शेतकरी रोज घेतो. कराराची माहिती मात्र तो क्वचितच घेतो. करार म्हणजे काय, तो कसा संपतो आणि संपल्यावर बागेवर त्याचा काय परिणाम होतो, हे या पाठात क्रमाने पाहावयाचे आहे.

जकात आणि करार यांतील भेद

देशाच्या सीमेवरून आत येणाऱ्या अगर बाहेर जाणाऱ्या मालावर सरकार जो कर घेते त्यास जकात अथवा सीमाशुल्क म्हणतात. जकात ठरविणे हा प्रत्येक देशाचा स्वतःचा अधिकार आहे. स्वतःच्या उद्योगाला अगर शेतीला आसरा देण्यासाठी ती वाढविता येते, आणि ग्राहकाला माल स्वस्त मिळावा म्हणून ती उतरविताही येते. असा बदल फार झपाट्याने होऊ शकतो. अर्थसंकल्पात जाहीर झालेली जकात बहुधा त्याच मध्यरात्रीपासून लागू होते. कांद्याच्या शेतकऱ्यांना याचा अनुभव ताजा आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून निघाले. हा सर्व बदल आपल्याच सरकारच्या आदेशाने झाला. त्यासाठी दुसऱ्या देशाची संमती लागली नाही.

करार ही गोष्ट याहून निराळी आहे. दोन अगर अधिक देश परस्परांना वचन देतात की, अमुक मालावर अमुक दरापेक्षा अधिक जकात घेतली जाणार नाही. म्हणजे करार हा जकातीच्या अधिकाराला स्वखुशीने घातलेला बांध होय. बांध असेपर्यंत पाणी एका पातळीत राहते. बांध काढला की ते पुन्हा आपल्या वाटेने वाहू लागते. म्हणून राष्ट्राचे जकातीचे धोरण बदलू लागले की जुन्या करारांवर ताण पडतो. नवीन धोरण व जुने वचन यांचा मेळ बसेनासा झाला, तर सरकारपुढे दोनच मार्ग उरतात : धोरण आवरणे किंवा करार सोडणे.

याखेरीज तिसरा एक प्रकार आहे. श्रीमंत देश विकसनशील देशांच्या मालाला आपण होऊन काही सूट देतात. हा करार नसून एकतर्फी सवलत असते. देणारा ती देतो व देणाराच ती काढून घेतो. अमेरिकेने अशा योजनेखाली भारताला दिलेली सवलत ५ जून २०१९ पासून बंद केली. त्यानंतर १६ जून २०१९ पासून भारताने बदाम, सफरचंद, अक्रोड, हरभरा, मसूर इत्यादी २८ अमेरिकन वस्तूंवरील जकात वाढविली. यांपैकी काही वस्तूंवरील वाढ २०२३ मध्ये मागे घेण्यात आली. एका बाजूची सवलत गेली की दुसऱ्या बाजूची जकात चढते आणि या ओढाताणीत प्रथम शेतमालच सापडतो, हे यावरून दिसते.

करार कोणत्या रीतींनी संपतो

करार संपण्याच्या मुख्य रीती चार आहेत.

पहिली रीत सूचनेची. बहुतेक व्यापारी करारांत ते सोडण्याचे कलम असते. जो देश करार सोडू इच्छितो तो लेखी सूचना देतो व ठरलेला अवधी लोटल्यावर करार संपतो. जागतिक व्यापार संघटनेतून बाहेर पडावयाचे झाल्यास लेखी सूचना पोहोचल्यापासून सहा महिन्यांनी ते अमलात येते. ही संघटना १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आली व भारत तिचा आरंभापासून सभासद आहे.

दुसरी रीत मुदत संपण्याची. करार ठरावीक वर्षांसाठी असतो. मुदत संपताना नवा करार झाला नाही तर जुनी सवलत आपोआप थांबते. कोणी शत्रुत्व केलेले नसते, कोणी सूचनाही दिलेली नसते. तरी जकात बसते.

तिसरी रीत नव्या कराराने जुन्याची जागा घेण्याची. ही सर्वांत सौम्य असली तरी नव्या करारात प्रत्येक जुनी सवलत राहीलच असे नाही. म्हणून आपल्या मालाचे नाव नव्या यादीत आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे असते.

चौथी रीत अशी की, करार कायम राहतो. परंतु त्यातील एखादी सवलत वाटाघाटीने बदलली जाते. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक सभासदाने आपल्या जकातीची कमाल मर्यादा नोंदविलेली असते. ती ओलांडावयाची असेल तर ज्यांचा व्यापार दुखावतो त्या देशांशी बोलणी करावी लागतात व बहुधा दुसऱ्या मालावर सूट देऊन त्यांचे समाधान करावे लागते.

करार सुरू होतानाही असाच अवधी जातो, हेही येथेच सांगितले पाहिजे. भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील करारावर २ एप्रिल २०२२ रोजी सह्या झाल्या. तो अमलात आला २९ डिसेंबर २०२२ रोजी. भारत व ब्रिटन यांच्यातील करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या, परंतु त्या दिवशी जकात उतरली नाही. कारण सहीनंतर दोन्ही देशांतील मंजुरीची पायरी असते. वर्तमानपत्रात सहीची बातमी आली म्हणून त्या आठवड्यात नवी लागवड करणे हे आभाळ आले म्हणून धूळपेर करण्यासारखेच धाडसाचे आहे.

कापसाचा धडा : सन १९३३

जकातीचे धोरण बदलल्यामुळे करार संपविल्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातील कापूस-उत्पादकांनी पाहिलेले आहे. भारत व जपान यांच्यात १९०४ साली व्यापारी करार झाला होता. त्याअन्वये जपानी मालाला इतर कोणत्याही परक्या देशाच्या मालाइतकीच वागणूक देणे भारतास बंधनकारक होते. जपान त्या काळी येथील आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक होते आणि असा कापूस पिकविण्यात खानदेश व वऱ्हाड यांचा वाटा मोठा होता.

तिशीच्या आरंभी जगभर मंदी आली व जपानी कापड फार स्वस्त दराने येथे येऊ लागले. मुंबईच्या गिरण्यांनी संरक्षणाची मागणी केली. सरकारने ब्रिटनखेरीज इतर देशांच्या कापडावरील जकात १९३० साली २० टक्के केली, ती वाढत वाढत ऑगस्ट १९३२ मध्ये ५० टक्के व जून १९३३ मध्ये ७५ टक्के झाली. केवळ जपानी मालाविरुद्ध उपाय योजावयाचा तर १९०४ चा करार आड येत होता. म्हणून एप्रिल १९३३ मध्ये करार सोडण्याची सहा महिन्यांची सूचना देण्यात आली व ऑक्टोबर १९३३ मध्ये करार संपला.

जपानी सूतगिरणीवाल्यांनी याला तत्काळ उत्तर दिले : जून १९३३ मध्ये त्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार जाहीर केला. महिना ध्यानात घेण्याजोगा आहे. जून म्हणजे मृगाचा महिना. कोरडवाहू कापसाचे बी जमिनीत पडण्याची वेळ. बी पेरताना शेतकऱ्याचे जे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक होते, तेच खरेदी नाकारीत होते. पेरा थांबविणे त्याच्या हाती नव्हते, कारण पाऊस कोणाच्या वाटाघाटींसाठी थांबत नाही.

सप्टेंबर १९३३ पासून सिमला व दिल्ली येथे दोन्ही सरकारांची बोलणी चालली. भारताच्या बाजूचे नेतृत्व व्यापारखात्याचे सभासद सर जोसेफ भोर यांच्याकडे होते. जानेवारी १९३४ मध्ये समेट झाला. भारताने जपानी कापडावरील जकात ७५ वरून ५० टक्क्यांवर आणली. त्याबरोबर कापडाचे प्रमाण कापसाच्या खरेदीशी जोडण्यात आले : जपानने वर्षास १० लाख गाठी भारतीय कापूस घेतल्यास त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड येथे पाठविता येईल, आणि १५ लाख गाठी घेतल्यास ४० कोटी वारांपर्यंत. नव्या करारावर १२ जुलै १९३४ रोजी लंडन येथे सह्या झाल्या.

या घटनेतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही की, करार मोडला तो कापडासाठी. त्याचा फटका मात्र कापसाला बसला. ज्या मालावरून भांडण होते तोच माल दंड भरतो असे नाही. दुसऱ्या बाजूला आपला जो माल हवा असतो त्यावर दंड बसतो, आणि तो माल पुष्कळदा शेतातला असतो. दुसरी गोष्ट ही की, नव्या करारात कापसाच्या गाठींचा आकडा लिहिला गेला म्हणून कापूस-उत्पादकाचे हित त्यात राहिले. बोलण्यांच्या वेळी ज्या मालाचा आकडा पुढे ठेवला जातो त्याचीच तरतूद करारात होते. ज्याचा आकडा कोणी सांगत नाही, तो माल यादीबाहेर राहतो.

गुलाबाचा धडा : सन २०१४

दुसरे उदाहरण मावळच्या प्रत्यक्ष पिकाचे, परंतु दुसऱ्या देशातील आहे. आफ्रिकेतील केनिया हा युरोपच्या फुलबाजारात गुलाब पुरविणारा अग्रेसर देश होय. १९७५ च्या लोमे करारापासून व पुढे २००० सालच्या कोटोनू करारामुळे केनियाची फुले युरोपात विनाजकात जात असत. कोटोनू करारातील व्यापारी सवलतींची मुदत २००७ च्या अखेरीस संपली. नवा करार होईपर्यंत युरोपने तात्पुरती व्यवस्था चालू ठेवली. पण तिलाही १ ऑक्टोबर २०१४ ही शेवटची तारीख ठरविली. पूर्व आफ्रिकेतील देशांची बोलणी त्या तारखेपर्यंत पुरी झाली नाहीत. शेजारच्या टांझानिया, युगांडा, रवांडा व बुरुंडी या देशांना अल्पविकसित म्हणून वेगळी माफी होती. केनिया त्या वर्गात नव्हता. म्हणून एकट्या केनियाच्या मालावर जकात बसली. फुलांवर ती साडेआठ टक्क्यांपर्यंत होती. बोलणी १६ ऑक्टोबर २०१४ रोजी पुरी झाली, तरीही सवलत पुन्हा लागू होण्यास २५ डिसेंबर उजाडला.

यात कोणी करार मोडला नव्हता. केवळ मुदत संपली आणि नव्या वचनास पंधरवड्याचा उशीर झाला. त्या उशिराची भरपाई करण्यात जवळजवळ तीन महिने गेले. या काळात गुलाबाच्या झाडांनी कळ्या देणे थांबविले नाही. कापड गोदामात ठेवता येते, कापूसही काही काळ ठेवता येतो. तोडलेले फूल ठेवता येत नाही. म्हणून करार संपण्याचा धक्का नाशवंत मालाला सर्वांत आधी व सर्वांत जोराने बसतो.

प्रतिस्पर्ध्याची सवलत गेली म्हणजे आपला फायदा झालाच, असेही समजू नये. गुलाबाच्या नव्या लागवडीपासून निर्यातयोग्य फुले मिळण्यास काही महिने जातात. १ ऑक्टोबरला जकात बसल्याचे पाहून ज्याने नवे पॉलिहाऊस बांधावयास घेतले असते, त्याचे पहिले फूल उमलण्यापूर्वीच केनियाची सवलत परत आलेली असती.

जकातीचा हिशेब

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या तोडलेल्या गुलाबावर सर्वसाधारण जकातीचे दोन दर आहेत : १ नोव्हेंबर ते ३१ मेपर्यंत साडेआठ टक्के व १ जून ते ३१ ऑक्टोबरपर्यंत बारा टक्के. उन्हाळ्यात तेथील स्वतःची फुले बाजारात असतात, तेव्हा दर उंच. थंडीत ती कमी असतात, तेव्हा दर उतरता. सवलतीचा करार अगर योजना लागू असेल तर यापेक्षा कमी जकात पडते.

साडेआठ टक्के हा आकडा लहान वाटतो. तो खरोखर केवढा आहे हे उदाहरणाने पाहू. पुढील रकमा केवळ हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत. प्रत्येकाने तेथे आपल्या रकमा घालाव्यात.

समजा, एका शेतकऱ्याचे दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस आहे व त्यावर बँकेचे कर्ज आहे. फेब्रुवारीच्या हंगामासाठी त्याने ६,००० फुले परदेशी पाठविली. विमानभाड्यासह परदेशी पोहोचलेल्या फुलाची किंमत २० रुपये धरली व सर्व खर्च वजा जाता फुलामागे ३ रुपये नफा राहतो असे मानले, तर एकूण नफा १८,००० रुपये होतो. ही रक्कम जकात शून्य असताना राहते. आता सवलत गेली व साडेआठ टक्के जकात बसली. जकात नफ्यावर बसत नाही, पोहोचलेल्या मालाच्या संपूर्ण किमतीवर बसते. वीस रुपयांवर ती १ रुपया ७० पैसे होते. ६,००० फुलांवर १०,२०० रुपये जातात आणि नफा १८,००० वरून ७,८०० रुपयांवर येतो. बारा टक्क्यांच्या दराने फुलामागे २ रुपये ४० पैसे, म्हणजे एकूण १४,४०० रुपये जातील व हाती केवळ ३,६०० रुपये राहतील. साडेआठ टक्के जकातीने नफ्याचा निम्म्याहून अधिक भाग नेला. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहिला.

कायद्याने जकात परदेशातील आयातदार भरतो, ही गोष्ट खरी. पण ती शेवटी कोणाच्या अंगावर पडते हे स्पर्धेवर ठरते. दुसऱ्या देशाचा तशाच प्रतीचा गुलाब विनाजकात येत असेल, तर आयातदार आपली जकात भावातून कापून घेतो आणि ती मावळच्या शेतकऱ्यास सोसावी लागते. सर्वच देशांच्या फुलांवर सारखी जकात असेल, तर तिचा काही भाग तेथील ग्राहकावर जातो. म्हणून आपली जकात किती, एवढेच विचारून भागत नाही. आपल्या प्रतिस्पर्ध्याची किती, हेही विचारावे लागते.

बागेचे पंचांग व कराराचे पंचांग

फेब्रुवारीच्या हंगामासाठी मावळात नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीस झाडांची छाटणी व फांद्यांची वाकवणी केली जाते. तेथून सुमारे पन्नास ते साठ दिवसांनी फुले तोडणीस येतात. हवा थंड राहिली तर ही मुदत लांबते. छाटणी झाली की निर्णय झाला. त्यानंतर परदेशात काय घडते यावरून फुलांची तारीख बदलता येत नाही. खते, औषधे व मजुरी यांचा खर्च होऊन गेलेला असतो.

याउलट कराराचे पंचांग सहा महिन्यांच्या सूचनेने, वर्षअखेरीच्या मुदतीने किंवा अर्थसंकल्पाच्या तारखेने चालते. भारताचा अर्थसंकल्प अलीकडे १ फेब्रुवारीस मांडला जातो, म्हणजे ऐन तोडणीत. अनेक कराराच्या मुदती ३१ डिसेंबरला संपतात, म्हणजे छाटणी व तोडणी यांच्या मध्यावर. ही दोन पंचांगे शेजारी ठेवून पाहण्याची वेळ छाटणीपूर्वीची, म्हणजे ऑक्टोबर महिन्याची होय. त्या वेळी चौकशी केली तर परदेशी फुले किती व देशी बाजारासाठी किती, याची वाटणी करता येते. डिसेंबरनंतर केलेली चौकशी केवळ बातमी ठरते.

भारत व युरोपीय संघ यांच्यातील व्यापक कराराची बोलणी २००७ साली सुरू झाली, २०१३ साली थांबली व २०२२ साली पुन्हा सुरू झाली. करारास किती काळ लागू शकतो याची यावरून कल्पना येते. बोलणी सुरू असताना लागवडीचा निर्णय भावी सवलतीवर ठेवणाऱ्यास मधली नऊ वर्षे कोरडी गेली असती.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. नफ्याचा अंदाज दोन वेळा मांडावा : एकदा सवलत धरून व एकदा संपूर्ण जकात धरून. कर्ज काढताना दुसरा अंदाज प्रमाण मानावा. सवलतीमुळे होणारा नफा खर्चावा, परंतु त्यावर हप्ता बांधू नये.

२. निर्यातदार, तालुका कृषी अधिकारी किंवा कृषिमालाच्या निर्यातीचे काम पाहणारी अपेडा ही केंद्रीय संस्था यांच्याकडे चार गोष्टी विचाराव्यात : सवलत कोणत्या तारखेपासून लागू आहे? तिची मुदत कोणत्या तारखेस संपते? करार सोडण्यास किती अवधीची सूचना लागते? आणि बदलाच्या दिवशी वाटेत असलेल्या मालास कोणता दर लागतो? शेवटचा प्रश्न फुलांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे.

३. निर्यातदाराशी सौदा करताना जकात वाढल्यास ती कोणी सोसावयाची, हे लेखी ठरवावे. तोंडी सौद्यात वाढलेली जकात शेवटी उत्पादकाच्या पट्टीतून कापली जाते.

४. सवलत मिळण्यासाठी माल भारतातच पिकला आहे असा मूळ देशाचा दाखला लागतो, व वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र स्वतंत्रपणे लागते. कागद अपुरा असेल तर करार चालू असूनही पूर्ण जकात बसते. लागवडीची, फवारणीची व तोडणीची नोंदवही नीट ठेवावी.

५. सर्व फुले एकाच परदेशी बाजारासाठी धरू नयेत. पुणे, मुंबई, दिल्ली, हैदराबाद येथील बाजारपेठा व लग्नसराई यांच्याशी संबंध वर्षभर राखावेत. अडचणीच्या आठवड्यात नवखा माल घेऊन जाणाऱ्यास बाजारात मान मिळत नाही.

६. प्रत उत्तम ठेवावी. जकात वाढली की आयातदार प्रथम आखूड दांड्याचा व दुय्यम प्रतीचा माल नाकारतो. तोडणी पहाटे करून फुले लगेच स्वच्छ पाण्यात ठेवणे, दोन ते चार अंश तपमानास थंड करणे व दांड्याच्या लांबीप्रमाणे प्रतवारी करणे, ही कामे कसोशीने करावीत. काढणीनंतरच्या या कामांचे शिक्षण तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेत मिळण्याची सोय आहे.

७. उत्पादकांनी संघामार्फत आपल्या मालाचे आकडे तयार ठेवावेत : लागवडीचे क्षेत्र, निर्यातीची फुले, मजुरांची संख्या, खर्च व मिळालेला भाव. कराराची बोलणी होतात तेव्हा व्यापार मंत्रालय संबंधितांची मते मागविते. त्या वेळी आकडा नसलेली तक्रार मागे पडते.

आपल्याही जकातीचा विचार

येथवर परदेशी जकातीचे विवेचन झाले. परंतु भारतही परदेशी फुलांवर जकात घेतो, आणि ती दीर्घ काळ साठ टक्के इतकी उंच राहिली आहे. या जकातीच्या आडोशाने देशी बाजारात मावळच्या फुलाला भाव मिळतो. कराराच्या बोलण्यांत आपण परक्यास जकात उतरवा म्हणून सांगतो, तेव्हा तोही तेच मागतो. परदेशी बाजाराचे दार उघडते तेव्हा आपल्या घराचे दारही काही अंशी उघडावे लागते. म्हणून करार होणे हे सर्वस्वी लाभाचे व करार संपणे हे सर्वस्वी हानीचे, असा सरसकट समज करून घेऊ नये. निर्यात करणाऱ्यास ज्या कराराने लाभ होतो, त्याच कराराने केवळ देशी बाजारात विकणाऱ्या शेजाऱ्यावर स्पर्धा येऊ शकते. एकाच गावातील दोन बागांना एकाच कराराची फळे निरनिराळी मिळतात. संघाने सरकारपुढे म्हणणे मांडताना दोन्ही बागांचा विचार केला पाहिजे.

तात्पर्य

करारातून मिळणारी सवलत ही शेतकऱ्याच्या मालकीची जमीन नव्हे. ती मुदतीने दिलेली पाण्याची पाळी होय. पाळी चालू आहे तोवर पाणी मनमुराद घ्यावे, पण विहीर बुजवू नये. १९३३ साली कापसाच्या पेऱ्याच्या महिन्यात गिऱ्हाईक फिरले. २०१४ साली गुलाब कळीवर असताना तारीख उलटली. दोन्ही वेळी शेतकऱ्याच्या मेहनतीत काही उणे नव्हते. उणे होते ते इतकेच की, ज्या कागदावर त्याचा भाव अवलंबून होता, त्यावरील तारीख त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. मावळच्या उत्पादकाने दर वर्षी छाटणीची कात्री हाती घेण्यापूर्वी ती तारीख विचारून घ्यावी.

उजळणीसाठी प्रश्न

१. जकात, करार व एकतर्फी सवलत यांत कोणता फरक आहे?

२. केनियाच्या करारास कोणी सूचना दिली नव्हती. तरीही १ ऑक्टोबर २०१४ रोजी जकात का बसली?

३. जपानने वर्षास १० लाख गाठी कापूस घ्यावा ही अट १९३४ च्या समेटात आल्याने कोणाचे हित साधले?

४. आपल्या बागेतील फुलामागे नफा किती राहतो? पोहोचलेल्या मालाच्या किमतीवर साडेआठ टक्के जकात बसल्यास तो किती उरेल? हिशेब मांडून संघाच्या बैठकीत ठेवावा.